बाळ काचेत, आईबाप दारात

"बाळाला काचेत ठेवलंय." एवढं एक वाक्य फोनवरून गावाकडे पोहोचलं की घरातली बाळंतपणाची सगळी तयारी जागच्या जागी थांबते. लाडवांसाठी आणलेला डिंक पुडीतच राहतो. जुन्या लुगड्यांची धुऊन ठेवलेली दुपटी घडी न मोडता राहतात. पाचवी पुजायची की नाही यावर आजी आणि आत्याचं एकमत होत नाही, कारण जिच्या नशिबाचा लेख लिहायला सटवाई यायची, ती लेक या घरात नाहीच. काचेत म्हणजे नेमकं कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही. खरं तर आता बहुतेक बाळं काचेच्या पेटीत नसतातही. वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात, कावीळ असेल तर निळ्या लाईटखाली असतात. तरीही लोकांनी शब्द अचूक निवडला आहे. काचेपलीकडचं दिसतं, पण त्याला हात लावता येत नाही.

पुढच्या पानांचा विषय त्या काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसांचा आहे. आजारी किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळावर उपचार कसे करावेत, हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि ती लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. इथे प्रश्न निराळा आहे. बाळ रुग्णालयात असतानाचे ते दहा, वीस, कधी साठ दिवस आईबापांनी कसे काढले, आणि तिथल्या सेवेबद्दल ते समाधानी आहेत का, हे आपण त्यांना नीट विचारतो का? माझ्या मते विचारत नाही. विचारतो तेव्हा चुकीच्या वेळी विचारतो, आणि ज्यांना विचारायला हवं त्यांच्यातल्या अनेकांना गाठतच नाही.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत 'समाधान' या शब्दाला दोन अंगं आहेत. एक मनाच्या तृप्तीचं: पोटभर जेवल्यावरचं, लेकीचं लग्न पार पडल्यावरचं. दुसरं शंकेचं. शंकासमाधान हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो. कुणी प्रश्न विचारावा आणि जाणत्यानं तो सुटेपर्यंत बोलावं, म्हणजे शंकेचं समाधान झालं. रुग्णालयातले समाधानाचे फॉर्म पहिला अर्थ धरून चालतात. वॉर्ड स्वच्छ होता का, कर्मचारी नीट वागले का, एकंदर सेवा कशी वाटली: उत्तम, बरी, वाईट. पण आईबाप ज्यासाठी रात्र रात्र दारात बसतात ते दुसऱ्या अर्थाचं समाधान असतं. माझं बाळ आज कसं आहे? काल वजन किती होतं, आज किती? नाकातली नळी कधी काढणार? त्याला दुखतं का? हे प्रश्न सुटले तर फाटक्या सतरंजीवर झोपलेला बापही समाधानी असतो. सुटले नाहीत तर वातानुकूलित खोलीही त्याला खायला उठते.

फॉर्म बहुधा डिस्चार्जच्या दिवशी हातात पडतो. त्या दिवशी बाळ पहिल्यांदा आईच्या मांडीवर असतं, खाली रिक्षा उभी असते, आणि पुढच्या आठवड्यात तपासणीला याच डॉक्टरांकडे, याच सिस्टरकडे यायचं असतं. अशा वेळी 'वाईट' या शब्दापुढे खूण कोण करेल? कृतज्ञता असतेच, ती खरीही असते, आणि तिच्याखाली थोडी भीती दबलेली असते. दोन्हींचं मिळून जे उत्तर येतं त्याला आपण समाधान म्हणतो आणि त्याची टक्केवारी काढतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही व्यवस्था सुरू केली. रुग्ण घरी गेल्यावर संदेश किंवा फोनवरून त्याचं मत विचारायचं, ही त्यातली कल्पना मला योग्य वाटते, कारण माणूस घरी गेल्यावर मोकळा होतो. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षांसाठी निदान ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. २०२१ मध्ये लहान मुलांच्या सेवांसाठी 'मुस्कान' आला. म्हणजे विचारायला हवं, हे सरकारदरबारी मान्य झालेलं आहे. काय विचारायचं, हे मात्र अजून शिकायचं आहे.

याबाबत नेदरलँड्समधल्या एका प्रश्नावलीची रचना मला शिकण्यासारखी वाटते. नवजात अतिदक्षता विभागातल्या आईबापांसाठी तिथे 'एम्पॅथिक-एन' नावाची प्रश्नावली बनली, आणि ती करताना आईबाप आणि परिचारिका दोघांनाही कशाचं मोल वाटतं हे विचारलं गेलं. तिच्यात ५७ विधानं आहेत आणि ती पाच गटांत विभागली आहेत: माहिती, उपचार, आईबापांचा सहभाग, विभागाची व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांची वागणूक. पहिला आणि तिसरा गट पाहा. आम्हाला वेळेवर सांगितलं का, आणि आम्हाला बाळाजवळ येऊ दिलं का. दोन्ही प्रश्न काचेचेच आहेत.

ही काच कुठून आली? ती दुष्टपणातून आलेली नाही, हे आधी सांगायला हवं. जंतुसंसर्ग हे कमी वजनाच्या बाळाचं सर्वांत मोठं भय, आणि बाहेरून येणारा प्रत्येक माणूस जंतू घेऊन येतो, असा सरळ हिशेब होता. त्यातून दार बंद झालं, चपला बाहेर आल्या, भेटीची वेळ ठरली. आपल्याकडे २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी वर्षाला ३,००० हून अधिक बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयांत निदान १२ खाटांचा विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू, असावा असं ठरवलं. त्याच वर्षी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि वाहन सरकारी दवाखान्यात मोफत केलं. या कक्षांनी खरोखर जीव वाचवले. नमुना नोंदणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार देशात हजार जिवंत जन्मांमागे २० बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, महाराष्ट्रात ११. जुन्या पिढीतल्या बायका आपली किती मुलं 'राहिली' आणि किती 'गेली' ते बोटांवर मोजून सांगत, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना या आकड्याची किंमत कळेल. म्हणून या कक्षांवर राग धरून मी हे लिहीत नाही.

पण त्या सरळ हिशेबात एक चूक होती. आईला त्याने बाहेरच्या माणसांत धरलं.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांना ही चूक फार लवकर दिसली. महापालिकेचं रुग्णालय, धारावीसारख्या वस्तीतून येणाऱ्या आया, बाळं खूप आणि हात थोडे. तिथे आईचं दूध आणि आईचा हात यांना उपचारांत जागा मिळाली, आणि १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी त्याच रुग्णालयात उभी राहिली. आपल्याकडे पूर्वी दूरच्या नात्यातली बाई दुसरीच्या बाळाला अंगावर पाजत असे. त्याच माणुसकीला पेढीने निर्जंतुक बाटली आणि शीतकपाट दिलं.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९७९ च्या सुमारास, एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये डॉ. आदिक लेविन यांच्याकडे परिचारिका कमी पडल्या. त्यांनी आयांनाच आत घेतलं आणि चोवीस तास बाळाजवळ राहायला सांगितलं. गरजेपोटी उघडलेलं ते दार पुढे बंद करावंसं कुणाला वाटलं नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यातून धडा घेऊन कुटुंबाला उपचारांत सामावून घेणारी पद्धत बसवली. आपल्याकडे दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना हात धुण्यापासून बाळाची स्वच्छता, दूध पाजणं आणि धोक्याची लक्षणं ओळखण्यापर्यंत शिकवून आत घेण्याचा प्रयोग झाला. २०१७ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर कुटुंब-सहभागाच्या सूचना देशभरातल्या एसएनसीयूंसाठी काढल्या.

आणि मग जंतूंचा तो जुना हिशेबच तपासला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडचं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळं त्यात होती. अर्ध्या बाळांना जुन्या रीतीने, तब्येत स्थिरावल्यावर, आईच्या छातीशी दिलं. उरलेल्यांना जन्मल्याबरोबर दिलं, आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात नेली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटात २८ दिवसांत १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्यात १२ टक्के. जंतुसंसर्गाची शंका आलेली बाळंही आईजवळ असलेल्या गटातच कमी निघाली. ज्या भीतीने आईला इतकी वर्षं बाहेर ठेवलं, ती भीतीच उलटी ठरली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी त्याप्रमाणे बदलल्या.

हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. आईबापांचं समाधान ही रुग्णालयाच्या सौजन्याची बाब आहे, जमलं तर करावी अशी, असं आपण धरून चाललो होतो. पण आईला आत घेणं, तिला शिकवणं, तिच्या शंका सोडवणं हे औषधाइतकंच उपचाराचं काम असेल, तर समाधानाचा प्रश्न स्वागतकक्षातल्या तक्रारपेटीत टाकून भागणार नाही. तो केसपेपरवर यायला हवा.

गडचिरोलीची गोष्ट इथे आठवते, कारण तिथे काच नव्हतीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, वजन कसं करायचं, ऊब कशी राखायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं की तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे आशाताईंच्या घरभेटींचा देशभरचा कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. मला त्यात वैद्यकाइतकंच दुसरंही काही दिसतं. तिथे आरोग्यदूत बाळाला जे करी ते आई, आजी आणि शेजारीण यांच्या डोळ्यांदेखत करी, त्यांच्या बोलीत सांगत करी. 'आत काय चाललंय' हा प्रश्न उठायला जागाच नव्हती.

रुग्णालयात मात्र हा प्रश्न दाराशी येऊन थांबतो, आणि प्रत्येकाच्या बाबतीत निराळ्या कारणाने थांबतो. मेळघाटातली आई कोरकू बोलते, भामरागडची माडिया, धडगावची पावरी. डॉक्टरांचं मराठीच तिला परकं, त्यात 'सॅच्युरेशन' आणि 'सीपॅप'. ती मान हलवते. मान हलवली म्हणजे समजलं, असं धरून डॉक्टर पुढच्या बाळाकडे वळतात. तालुक्याला सिझेरियन झालं आणि बाळाला जिल्ह्याला रेफर केलं, तर आई एका गावात आणि बाळ दुसऱ्या. मग बाळाचा बाप दोन रुग्णालयांत फिरत राहतो, आणि आईला बाळ कळतं ते नवऱ्याच्या मोबाईलमधल्या एका अंधूक फोटोतून. तिचा पान्हा फुटतो त्या रात्री बाळ सत्तर किलोमीटरवर असतं. खाजगी दवाखान्यात दार तुलनेने लवकर उघडतं, पण तिथे रोज संध्याकाळी बिलाचा आकडा येतो, आणि बाळ कसं आहे हे विचारायच्या आधी बापाला तो आकडा विचारावा लागतो. महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड चालेल की नाही, हे त्याला पहिल्या दिवशी कुणी स्पष्ट सांगितलं तर त्याची अर्धी शंका तिथेच मिटेल.

समाधान कुणाचं, हाही प्रश्न आहे. फॉर्मवर सही बहुधा बापाची असते. पैसे त्याने भरलेले, धावपळ त्याने केलेली. पण दर दोन तासांनी उठून, टाके दुखत असताना, दूध पिळून वाटीत काढणारी आई असते. तिला विचारलं तर उत्तर वेगळं येईल. आणि एक कठीण गोष्ट लिहायलाच हवी. देशभरच्या एसएनसीयूंच्या नोंदींत मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच कमी असते. मुली कमी आजारी पडतात म्हणून एवढा फरक पडत नाही. काही मुली दारापर्यंत आणल्याच जात नाहीत, काही लवकर घरी नेल्या जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्या मुलीच्या बापाला कुणी समाधानाचा फॉर्म देत नाही, आणि तिच्या आईला तर कुणी काहीच विचारत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचली. चौकशा झाल्या, अग्निसुरक्षेची तपासणी राज्यभर झाली, त्यावर इथे पुन्हा लिहीत नाही. पण दार बंद असणं आणि बाळ सुरक्षित असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री महाराष्ट्राला कळलं.

परिचारिकांची बाजू न मांडता हा विषय पुढे नेला तर तो अन्याय होईल. सूचनांप्रमाणे प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर हवी. रात्रपाळीला एक सिस्टर किती बाळांकडे पाहते, हे ज्यांनी एक रात्र तरी त्या दारात काढली आहे त्यांना माहीत आहे. इकडे एकाचा श्वास थांबतो, तिकडे दुसऱ्याची सलाईनची सुई निघालेली असते, आणि दारात कुणीतरी विचारतं, "सिस्टर, आमचं बाळ दूध प्यायलं का?" ती तुटक बोलते. तिच्या तुटक बोलण्याची तक्रार होते, आणि हात कमी असल्याची नोंद कुठेच होत नाही. आईबापांना आत घेण्याला काही सिस्टरांचा विरोध असतो तो यामुळेच. आणखी माणसं म्हणजे आणखी प्रश्न. पण जिथे आयांना नीट शिकवून आत घेतलं, तिथे त्याच आया दूध पाजतात, लंगोट बदलतात, बाळाचा रंग बदलला तर सगळ्यांत आधी सांगतात. शिकवायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ सिस्टरच्या पाळीत कुणीतरी मोजून द्यावा लागतो. नुसत्या परिपत्रकाने तो मिळत नाही.

ज्यांचं बाळ घरी आलंच नाही, त्यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. ते कुठल्याही पाहणीत नसतात. पण सेवा कशी होती, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. शेवटच्या तासांत त्यांना जवळ येऊ दिलं का? नळ्या काढल्यावर बाळ आईच्या हातात दिलं, की दुपट्यात गुंडाळून बापाकडे सोपवलं आणि सही घेतली? कुणी खुर्ची दिली का? जवळची माणसं आईला म्हणतात, "पाहू नकोस, पाहिलंस तर विसरता येणार नाही." मी ज्या आयांशी बोललो त्यांतली एकही म्हणाली नाही की पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. बाळ वाचलं नाही तरी आपल्याला सगळं सांगितलं गेलं, आपण शेवटी त्याच्याजवळ होतो, असं सांगणारे आईबाप मला भेटले आहेत. त्यांच्या आवाजात जे होतं त्याला समाधान म्हणायला जीभ रेटत नाही, पण शंका तरी उरली नव्हती.

माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मली. १,४२० ग्रॅम. बायको एका रुग्णालयात, मुलगी दुसऱ्यात, आणि मी मधल्या एसटीत. सहाव्या दिवशी बायकोला डिस्चार्ज मिळाला आणि ती मुलीजवळ आली. आत जायला दिवसातून दोनदा दहा मिनिटं मिळत. अकराव्या दिवशी एका सिस्टरने तिला कांगारू द्यायला शिकवलं. बाळ छातीशी उभं धरून, वरून साडीचा पदर गुंडाळून, तासभर. त्या दिवसापासून बायको प्रश्न विचारू लागली, त्याआधी ती फक्त रडत असे. तेविसाव्या दिवशी घरी जायचं ठरलं. फॉर्म आला. मी सगळीकडे 'उत्तम'वर खुणा केल्या आणि सही केली.

बायको उठेना. तिने सिस्टरला विचारलं, "त्या दुसऱ्या रात्री हिला निळं पडलेलं पाहिलं असं हे म्हणाले. मग सगळे धावले आणि दार लावलं. तेव्हा काय झालं होतं?" ती रात्र बायकोने पाहिलीही नव्हती, फक्त माझ्याकडून ऐकली होती. एकवीस दिवस तो प्रश्न तिने मनात धरून ठेवला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. सिस्टरची पाळी संपली होती, पर्स खांद्याला होती. तिने स्टूल ओढलं, खाली बसली, आणि कमी दिवसांचं बाळ श्वास घ्यायला कसं विसरतं, मग तळपायाला टिचकी मारून त्याला कशी आठवण करून द्यायची, त्या रात्री त्यांनी आधी काय केलं आणि नंतर काय, हे सगळं सावकाश सांगितलं. मध्ये बायकोने दोनदा थांबवून विचारलं. तिने दोनदा पुन्हा सांगितलं.

मग बायकोने दुपटं नीट केलं आणि म्हणाली, "चला."